रेक्स हॅनफर्डचे सात सामने

रेक्स हॅनफर्ड मेलबर्नच्या मोठ्या फुटबॉल लीगमध्ये किती सामने खेळला, हे आमच्या विरेंगर गावात चार जणांना विचारा, चार आकडे मिळतील. तो परत आला तेव्हा जे कर्तेसवरते होते त्यांना त्याने अकरा सांगितले, कारण तेव्हा अंगात थोडी लाज शिल्लक होती. त्यांच्या मुलांना वीस सांगितले. आणि आता जी पोरं गुरुवारी संध्याकाळी त्याच्या शिव्या खात मैदानाला फेऱ्या मारत, त्यांच्या समजुतीप्रमाणे रेक्स तीसच्या वर सामने खेळला होता आणि गुडघ्याने दगा दिला नसता तर दोनशे खेळला असता. खरा आकडा सात. आणि तो त्याच्या तोंडावर सांगणारी गावात एकच बाई होती, नोरीन केटली.

"सात, रेक्स," ती म्हणायची. पब असो, गव्हाच्या कोठारापुढची रांग असो, नाहीतर कुणाला पोचवून आल्यावरचा चहा असो, मान वर न करता म्हणायची. "त्यातले तीन बाकावर बसून."

"बाकावरचेही धरतात, नोरीन."

"धरूनच सात."

मग तो हसायचा. मिशीखाली मोठे दात दाखवून असा हसायचा की जणू तिने त्याचं कौतुकच केलं. त्या हसण्याने नोरीनच्या अंगाची लाही व्हायची.

तिला आकडा ठाऊक होता तो नवऱ्यामुळे. लेन केटली कोठारावर कामाला होता, आणि बेकरीवाल्या हॅनफर्डचा पोरगा एकोणिसाव्या वर्षी शहरातल्या मोठ्या क्लबने उचलला तेव्हा लेनला स्वतःच्या भावाची निवड झाल्यासारखा आनंद झाला होता. दर सोमवारी पेपरातलं कात्रण कापून तो एका वहीत चिकटवायचा. दोन वर्षांत सात कात्रणं झाली. सातव्यात लिहिलं होतं की हॅनफर्ड या तरुणाला चेंडू अंमळ उशिराच दिसतो. त्यानंतर वही कोरी. पण लेनला कोणी विचारलं की रेक्स किती खेळला रे, तर तो हातातलं काम न सोडता म्हणायचा, "मी कुठे मोजत बसलो."

"वही तुझ्याच कपाटात आहे," नोरीन घरी आल्यावर त्याला झापायची. "सरळ सांगायला तुझं काय जातं?"

"आणि न सांगायला तुझं काय जातं गं?" लेन म्हणायचा.

जायचं, तिचं फार काही जायचं. नोरीन आमच्या क्लबची वहीवाली. आमच्या फुटबॉलमध्ये एका बाजूचे अठरा गडी मैदानात असतात, चार बाहेर बाकावर, आणि दुपारभर त्यांची आत-बाहेर चाललेली असते. कोण कितव्या मिनिटाला बाहेर आला, त्याच्या जागी कोण गेला, हे लिहायला सीमारेषेलगत पत्र्याची एक खोपटी असते. तिथे नोरीन बावीस वर्षं पेन्सिल कानावर खोचून बसली. तिच्या वहीत एक खाडाखोड नाही. लेनने तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "आधी माणसं मोज, मग गोल बघ." कारण आमच्या खेळात एक जुना, वाईट नियम आहे. अठराच्या जागी एकोणीस गडी आत असल्याचा संशय समोरच्या कर्णधाराला आला तर तो मोजणी मागू शकतो. मग पंच खेळ थांबवतो, साऱ्या संघाला मैदानाच्या मधोमध रांगेत उभं करतो, बोटाने मोजतो, आणि एक जरी जास्त निघाला तरी त्या संघाने तोवर मिळवलेले गुण पुसून टाकतो. सगळेच्या सगळे. आमच्या लीगमध्ये हे होताना कोणी पाहिलं नव्हतं. नुसतं ऐकून होतो.

तर रेक्स. मेलबर्नहून परत आला तो तिथल्या क्लबचा गडद निळा कोट घालून. खिशावर सोनेरी धाग्याचं चिन्ह. तो कोट त्याने लग्नात घातला, बापाच्या अंत्यविधीला घातला, आणि जानेवारीत सावलीतला पारा बेचाळीसवर असताना नाताळानंतरच्या क्रिकेट सामन्यातही घातला. पबातल्या शुक्रवारच्या सोडतीत मटणाचं ताट लागलं की ते घ्यायला कोट घालून उठायचा. बायको ग्लेनिस सात वर्षं राहिली आणि मग बहिणीकडे निघून गेली ती गेलीच. जाताना म्हणाली, मला त्याच्याशी भांडण नाही, पण जेवताना रोज तोच सामना ऐकून माझी भूक मेली.

खेळता येत नाही त्याने शिकवावं, हा धंदा रेक्सने पुढे वीस वर्षं केला. डनबूलला दोन मोसम कोच होता, दोन्ही मोसम संघ तळाला. त्याने सांगितलं की तिथल्या पोरांत रक्त नाही. मग ईस्ट पॅराला गेला. तिथे एका गुरुवारी सरावाच्या मधोमध सगळे खेळाडू गवतावर बसले आणि कोच जाईपर्यंत उठणार नाही म्हणाले. त्याने सांगितलं की आपण राजीनामा दिला. तिसऱ्या गावचं तर त्याने नावच काढलं नाही कधी. शेवटी विरेंगरला कोच हवा होता आणि अर्ज एकच आला, म्हणून स्वारी वाजत गाजत घरी परतली.

त्याची शिकवायची रीत काय? आरडाओरडा. मध्यंतरात बर्फाच्या पेटीला लाथ मारायची, संत्र्याच्या फोडी उधळायच्या, चांगल्या तिशीतल्या बाप्यांना पोरी म्हणायचं. दुसरे कोच फळ्यावर नावांच्या चकत्या लावून कोण कुठे खेळतो ते बघतात. रेक्सने फळा कधी उघडला नाही. "खेळ मला तळपायातून कळतो," म्हणायचा. "मोजदाद कारकुनांनी करावी." आणि गडी बदलायचा तर खोपटीपुढच्या फाटकातून पाठवायचा नियम, हा पठ्ठ्या जिथे उभा असेल तिथूनच खेळाडूच्या पाठीत थाप मारून त्याला आत ढकलायचा. नोरीनने किती वेळा सांगितलं असेल.

"रेक्स, फाटकातून. मला दिसायला नको?"

"तुझे डोळे चांगले आहेत की, बाई."

"माझे आहेत. तुझ्या डोक्याचं बोल."

अशा माणसाच्या हाताखाली संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला, त्र्याण्णव सालच्या सप्टेंबरात. पोचवला कोणी ते खेळणाऱ्यांना माहीत होतं. नोरीनचा मुलगा कॉलिन कर्णधार होता. चौतीस वर्षांचा, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या, सोळा मोसम खेळून एकदाही विजेत्याचा झेंडा हाती न लागलेला. रेक्सचं ओरडून झालं की पोरं मैदानात जाता जाता कॉलिनभोवती गोळा व्हायची आणि तो हळू आवाजात सांगायचा, तू याला धर, तू मागे राहा, वारा कोठाराकडून आहे. झालं तेवढंच. पण जिंकल्यावर कोट घालून पेपरवाल्यापुढे कोण? रेक्स. एकसष्ट सालानंतर गावाला झेंडा मिळाला नव्हता. लोक वेड्यासारखे झाले होते, आणि वेड्यांना कोट दिसतो.

कॉलिनचा हा शेवटचा सामना. त्याने तसं आईला सांगितलं होतं, "जिंकलो काय, हरलो काय, सोमवारपासून बूट खुंटीला." लेन चार वर्षांपूर्वी गेला होता. एवढा एक झेंडा बाबांसाठी हवा होता, असं कॉलिन म्हणाला नाही. तो बोलणाऱ्यातला नव्हेच. नोरीनला न सांगता कळलं.

सामन्याच्या दिवशी सकाळी नोरीन चहाचं मोठं भांडं आणायला कँटीनमागच्या पडवीत गेली. भांड्यापाठी पोती पांघरलेलं काहीतरी उंच उभं होतं. तिने पोतं उचललं. पांढऱ्या पत्र्यावर निळ्या अक्षरांत, ताजा रंग, "रेक्स हॅनफर्ड मैदान."

ती तिथेच उभी राहिली. क्लबचा अध्यक्ष ग्रॅहॅम व्हीलन मागून आला आणि बोर्ड उघडा बघून ओशाळला.

"झेंडा आला तरच हं," तो म्हणाला. "कमिटीचं ठरलंय. आज सगळे जमतील तर लगेच लावून टाकू म्हटलं."

"ग्रॅहॅम, हे मैदान कोणी केलं?"

"अगं, तसं नाही..."

"ब्याऐंशीच्या दुष्काळात इथे गवताची काडी नव्हती. रोज कामावरून सुटला की टँकर भरून कालव्याचं पाणी कोण आणून टाकत होतं? नोव्हेंबरापासून मार्चपर्यंत. ते दिव्यांचे खांब कोणी उभे केले? त्या खांबावरून पडून लेनचा खांदा कायमचा गेला. तो खांदा मी रोज रात्री शेकलाय."

"लेनचे उपकार कोण विसरेल, नोरीन? पण नाव म्हटलं की जरा... बाहेरच्या लोकांना माहीत असलेलं हवं ना. मोठ्या लीगमध्ये खेळलेला माणूस."

"सात सामने!" नोरीन ओरडली. "सात!"

ग्रॅहॅमने बोर्डावर पोतं पुन्हा नीट घातलं. नोरीनने भांडं उचललं आणि ती निघाली. सकाळभर तिने सँडविचं कापली, आणि प्रत्येक कापाबरोबर त्या निळ्या अक्षरांना शिव्या घातल्या. लेन असता तर म्हणाला असता, लागू दे गं बोर्ड, गवताला थोडंच वाचता येतं? लेन नव्हता म्हणून तर हा प्रश्न आला होता.

दुपारी मैदानाभोवती गाड्यांची नाकाला नाक रांग लागली. आमच्याकडे गोल झाला की टाळ्या कमी आणि भोंगे जास्त. समोर बॅरागूमचा संघ. चार डावांपैकी तीन डाव संपले तेव्हा आम्ही चार गोलांच्या वर पुढे होतो. एक्याऐंशीला चोपन्न; आमच्यात गोलचे सहा गुण, चेंडू नुसता खांबाजवळून गेला तर एक. चौथ्या डावात लोक आधीच रडायला लागले होते. गावातल्या कडक म्हाताऱ्याही गाडीच्या टपाला थापा मारत होत्या.

चौथ्या डावाच्या नवव्या मिनिटाला पर्टिलची भुवई फुटली. शेन पर्टिल, रेक्सने दुसऱ्या गावाहून आणलेला त्याचा लाडका. रक्त येत असलं की गड्याला बाहेर काढावंच लागतं. तो बाहेर आला, फाटकातून डन्स्टन आत गेला, नोरीनने लिहिलं. अकराव्या मिनिटाला पर्टिलच्या डोक्याला पट्टी बांधून झाली. रेक्स त्याला घेऊन खोपटीपासून वीस पावलांवर उभा होता, निळ्या कोटात, हात वर करून पलीकडच्या गाड्यांना अभिवादन करत. सामना खिशात आहे अशा थाटात. त्याला आपला लाडका झेंडा मिळायच्या क्षणी आत हवा होता. त्याने तिथूनच डन्स्टनच्या नावाने हाक मारली, बाहेर ये म्हणून. डन्स्टन पलीकडच्या टोकाला. तेवढ्यात आमचा आणखी एक चेंडू खांबाजवळून गेला आणि शे-दीडशे भोंगे एकदम वाजले. डन्स्टनला काय डोंबल ऐकू येणार! रेक्सने मागे वळूनही पाहिलं नाही. पर्टिलच्या पाठीत थाप मारली आणि ढकलला आत.

नोरीनने मोजलं. सवयच ती. एकोणीस.

पुन्हा मोजलं. एकोणीस.

अशा वेळी काय करायचं ते तिला झोपेतही ठाऊक होतं. वही टाकायची, धावायचं, कोचचा दंड धरायचा, ओरडायचं. वीस पावलं. दहा वर्षांपूर्वी एकदा असं झालं होतं तेव्हा तिने दुसऱ्या कोचच्या डोक्यात थर्मास फेकून मारला होता आणि गडी लगेच बाहेर आला होता.

ती खोपटीत उभी राहिली. रेक्सची पाठ दिसत होती. कोटाच्या पाठीवर घामाचा मोठा डाग, आणि वर केलेले दोन हात. पोत्याखालची निळी अक्षरं डोळ्यांपुढे दिसत होती.

"एकोणीस झाले, रेक्स," ती म्हणाली.

म्हणाली. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला मीठ द्या म्हणावं, तेवढ्या आवाजात. भोंगे अजून थांबले नव्हते. मग ती खाली बसली आणि तिने वहीत लिहिलं, पर्टिल आत. बाहेरच्या रकान्यात काही लिहिलं नाही. त्या कोऱ्या रकान्याकडे तिने पाहिलं आणि ती ताडकन उठली, कारण आता तिला मैदानातला कॉलिन दिसला होता. लंगडत धावत होता तिचा मुलगा. "रेक्स!" ती किंचाळली. "रेक्स, एकोणीस!"

पण तोवर बॅरागूमच्या कर्णधाराने दोन्ही हात वर करून पंचाकडे धाव घेतली होती, आणि शिट्टी वाजली होती.

भोंगे थांबले. कोणाला काही कळेना. पांढऱ्या कपड्यांतल्या पंचाने आमच्या पोरांना मधोमध बोलावलं, रांगेत उभं केलं, आणि एकेकाच्या छातीवर बोट नेत चालू लागला. कॉलिन पहिला उभा होता. त्याने मान वळवून रांग पाहिली आणि त्याचा चेहरा पांढरा पडला, त्याने पंचाआधीच मोजलं होतं. शेवटी आईचाच मुलगा. सीमारेषेवर रेक्सही मोजत होता. बोट हवेत नाचवत, ओठ हलवत, पहिलीतल्या पोरासारखा. शेवटच्या गड्यावर त्याचं बोट थांबलं आणि तोंड उघडं राहिलं. ते तोंड नोरीनने नीट पाहिलं. त्याच्या मनात कसलाही बेत नव्हता. त्याला साधं मोजताच आलं नव्हतं.

फलकावरचे आकडे लाकडी असतात. ते काढून शून्य टांगायला वेळ लागला. उरलेल्या मिनिटांत आमची पोरं दोन गोल आणि एक सुटा गुण मिळवून तेराला पोचली. बॅरागूम साठ. सामना संपल्याचा भोंगा वाजल्यावर कॉलिन मधल्या वर्तुळात बसला आणि गुडघ्यांच्या पट्ट्या सोडू लागला. एकेक वेढा, सावकाश. नोरीन कुंपणापाशी उभी राहून ते बघत राहिली.

घरी जाताना गाडीत त्याने एकच प्रश्न विचारला. "आई, तू सांगितलं होतंस ना त्याला?"

"हो," ती म्हणाली.

"मला वाटलंच." त्याने खिडकीबाहेर बघत म्हटलं. "नालायक माणूस."

रविवारी दुपारी क्लबच्या हॉलमध्ये सभा भरली. पन्नास माणसं, सँडविचांना कोणी हात लावेना. रेक्स पुढच्या रांगेत, कोट घालूनच. त्याची चामडी सोलायला सगळे आतुर होते, आणि मी सांगते, काही दयामाया कोणाच्या मनात नव्हती, आमच्याही नव्हती. आदल्या दिवशी ज्यांनी त्याच्यासाठी भोंगे वाजवले तेच आता दात ओठ खात होते. ग्रॅहॅम व्हीलन सर्वांत पुढे.

"नोरीन, वहीत काय आहे?"

ती उभी राहिली. वाचलं. "चौथा डाव, अकरावं मिनिट. पर्टिल आत. बाहेर कोणी नाही."

"म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं."

"हो."

"मग तू त्याला सांगितलंस?"

"सांगितलं."

"कसं सांगितलंस? म्हणजे, त्याच्यापर्यंत गेलीस का? आम्ही सगळे समोरच होतो, तू धावलेली कोणाला दिसली नाहीस."

नोरीनने वही छातीशी धरली. कॉलिन भिंतीला टेकून उभा होता, तो आईकडे बघत होता, आणि त्याच्या कपाळावर हळूहळू एक आठी पडत होती. बावीस वर्षं एक खाडाखोड नाही. तिने तोंड उघडलं.

"दोनदा सांगितलं तिने," रेक्स म्हणाला.

सगळ्यांच्या माना वळल्या. रेक्स उभा राहिला होता, कोटाची बटणं लावत.

"दुसऱ्या वेळी तर आली आणि माझी बाही ओढली. तुम्ही सगळे चेंडूकडे बघत होतात, तुम्हाला काय दिसणार? मीच म्हणालो, जा बाई, बस जागेवर. मला माहीत होतं एकोणीस आहेत. चार मिनिटं जास्तीचा गडी ठेवून बॅरागूमची कंबर मोडायची, असा बेत होता. मेलबर्नला आम्ही असं सर्रास करायचो. फसला बेत. डोकं लागतं त्याला, तुम्हाला नाही कळायचं."

मग जो गदारोळ झाला! ग्रॅहॅम ओरडला, लबाड! कोणी पेला फेकला. पर्टिलसुद्धा उठून शिव्या देऊन गेला. पाच मिनिटांत रेक्सला कोचपदावरून काढल्याचा, मैदानावर पाय ठेवायचा नाही असा, आणि त्याचं नाव कशालाही द्यायचं नाही असा ठराव झाला. कॉलिनच्या कपाळावरची आठी गेली. तो आईजवळ आला आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात तिला पेलवेना.

ती बाहेर पडली तेव्हा रेक्स त्याच्या जुनाट गाडीला किल्ली लावत होता.

"थांब," नोरीन म्हणाली. "तुला काही ऐकू आलं नव्हतं. मी तुझी बाही ओढली नाही."

"नाहीस? मला तर आठवतं."

"रेक्स, उगाच नाटकं नकोत. तू मोजलंच नव्हतंस. तुझं तोंड पाहिलंय मी. मूर्ख ठरण्यापेक्षा लबाड ठरलेलं तुला परवडतं, म्हणून बोललास. एवढंच ना?"

"असेल तसं." त्याने दार उघडलं, आत बसला, आणि मग काच खाली केली. मिशीखालचे दात दिसले नाहीत. "नोरीन, मी सांगतो ती प्रत्येक गोष्ट तू वीस वर्षं दुरुस्त करत आलीस. ही एक राहू दे."

गाडी गेली. धुरळा खाली बसेपर्यंत ती तिथे होती. त्याला सगळं ठाऊक होतं का? पाठ फिरवून उभा होता तो. की हॉलमध्ये तिच्या तोंडाकडे बघून कळलं? तिने स्वतःला समजावलं की नाही, अशा फुटकळ माणसाला असलं काही कळत नसतं, तो फक्त स्वतःपुरतं बोलला. हे तिने स्वतःला उन्हाळाभर समजावलं. पुन्हा पुन्हा समजवावं लागायचं.

एप्रिलमध्ये नवा मोसम सुरू झाला. मैदानाच्या मोठ्या फाटकावर नवा पत्रा लागला. "लेन केटली मैदान." कमिटीने एकमताने ठरवलं होतं. ग्रॅहॅमने भाषण केलं की या गावात खोटेपणाला जागा नाही आणि केटली घराण्याचा खरेपणा सर्वांनी पाहिला आहे. नोरीनने दोरी ओढली आणि चादर खाली पडली. लोकांनी भोंगे वाजवले. कॉलिनने तिच्या गालाचं चुंबन घेतलं. जे तिला हवं होतं ते सगळं तिला मिळालं. तिने वर त्या नावाकडे एकदा पाहिलं आणि दुसऱ्यांदा बघायचं टाळलं.

आणि बघते तर कँटीनच्या कुंपणाला टेकून रेक्स! बंदी घातलेल्या मैदानावर, कोट घालून, हातात मांस भरलेला गरम पॅटिस, सोनेरी चिन्हावर सॉसचा ओघळ. काय निर्लज्ज माणूस! हल्ली तो शाळेची बस चालवत होता आणि रोज सकाळी मुलांना तोच सामना सांगत होता. आता त्याने नव्या कोचच्या बायकोला गाठलं होतं. परगावची बिचारी, हाताची घडी घालून ऐकत होती.

"...आणि लेन तर माझा जिगरी," रेक्स सांगत होता. "माझा एकेक सामना त्याने कापून ठेवलाय. चाळीस सामने खेळलो मी तिथे. चाळीस. खोटं वाटतं? विचारा की, या नोरीनबाईंना विचारा. यांना आकड्यांचं सगळं ठाऊक."

ती बाई वळली. हसून म्हणाली, "खरंच का हो? चाळीस?"

आजूबाजूचे चार-पाच जण पुढचं ऐकायला थांबले. सगळ्यांना माहीत होतं आता काय येणार. ग्रॅहॅम तर आधीच हसायला लागला. रेक्स पॅटिस चावत उभा होता, आणि तिच्याकडे बघत नव्हता.

नोरीनने कानावरची पेन्सिल काढली, तिचं टोक पाहिलं, आणि पुन्हा कानावर खोचली.

"मी कुठे मोजत बसले," ती म्हणाली, आणि खोपटीकडे निघाली.